सुरतेतील दादोबा पांडुरंग

सुरत शहर आणि मराठी माणूस यांचा संबंध निघाला की बहुधा शिवछत्रपतींच्या स्वाऱ्यांचीच आठवण होते. परंतु १८४४ साली याच शहरात एका मराठी शिक्षकाने गुजराती स्नेह्यांच्या साहाय्याने विचारांची एक चळवळ आरंभिली, तिचे स्मरण ग्रंथप्रेमी मंडळींनी तरी ठेवावयास हवे. ते शिक्षक म्हणजे मराठीचे पाणिनी म्हणून गौरविलेले रावबहादूर दादोबा पांडुरंग तर्खडकर.

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत झाला. घराणे मूळचे वसईजवळच्या तर्खड गावचे. १८३६ साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्यांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले. पुढे काही काळ जावऱ्याच्या नबाबाचे शिक्षक म्हणून काढल्यावर ते सुरतेच्या इंग्रजी शाळेत आले.

त्या वेळची सुरत खचलेली होती. १८३७ च्या भीषण आगीत हजारो घरे भस्मसात झाली होती आणि त्याच वर्षी तापीच्या पुरानेही शहराला वेढले होते. अशा आपत्तीत माणूस जसा देवाकडे धावतो, तसाच मांत्रिकाकडेही धावतो. दुर्गाराम मंछाराम मेहता या निर्भय गुजराती शिक्षकाने मांत्रिकांना आपले सामर्थ्य सिद्ध करून दाखविण्याचे जाहीर आव्हान दिले होते. विधवाविवाहाचाही त्यांनी कैवार घेतला होता. दादोबांचे आणि त्यांचे सूर जुळले आणि २२ जून १८४४ रोजी मानवधर्मसभा स्थापन झाली.

दुःखाचे मूळ कोठे, हा प्रश्न या सभेच्या कार्याच्या मुळाशी होता. ईश्वर एक आहे, मनुष्यजात एक आहे, आणि विचार करण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला आहे, ही दादोबांच्या ‘धर्मविवेचन’ ग्रंथातील तत्त्वे. ती मान्य केली, तर बालविधवेचे हाल किंवा जातिभेदाचा जाच यांचा बोल देवाला अथवा दैवाला लावता येत नाही. तो माणसाने आपल्या स्वातंत्र्याचा केलेला दुरुपयोग ठरतो. मग प्रार्थना हा संकट टाळण्याचा सौदा उरत नाही. ती सदाचरणाचे बळ मागण्याची वाट होते.

१८४६ साली दादोबा मुंबईस परतले आणि सुरतेची सभा हळूहळू मंदावली. १८४९ मध्ये मुंबईत त्यांच्या प्रेरणेने परमहंस सभा निघाली. तिच्या बैठकीत दादोबांनी रचलेल्या प्रार्थना म्हटल्या जात आणि जातिबंधन मोडण्याची प्रतिज्ञा घेतली जाई. परंतु हे सारे गुप्तपणे. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे उघड होताच सभा मोडली. विचारस्वातंत्र्याचा उद्घोष करणाऱ्यांना आचारस्वातंत्र्याची किंमत देता आली नाही, हे उणे चरित्रकाराने झाकू नये. मात्र ज्या काळी बहिष्कार म्हणजे सोयरीक, पंगत आणि खांदेकरी या सर्वांनाच मुकणे होते, त्या काळचे भय आपण घरबसल्या हलके लेखणेही न्याय्य नव्हे. दादोबांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांनी १८६७ साली प्रार्थनासमाजाच्या स्थापनेत पुढाकार घेतला, तो मात्र उघडपणे.

मधल्या काळात दादोबा अहमदनगरकडे डेप्युटी कलेक्टर होते. भिल्लांचे बंड मोडण्याच्या कामगिरीबद्दल सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली. तरीही त्यांचे मन जुन्याच प्रश्नाकडे वळत राहिले. १८६५ साली त्यांनी मोरोपंतांच्या ‘केकावली’वर ‘यशोदापांडुरंगी’ ही टीका प्रसिद्ध केली; तिच्या नावात त्यांनी मातापितरांचे स्मरण गुंफले. ‘केकावली’ म्हणजे शरणागताने देवाशी घातलेला वाद. तेथे स्वतःच्या कर्तृत्वापेक्षा कृपेचाच आधार मोठा. पुढे १८७८ साली स्वीडनचे तत्त्वज्ञ स्वीडनबोर्ग यांच्या ग्रंथांवरील दादोबांचे इंग्रजी चिंतन लंडनला छापले गेले. देव कोणालाही नरकात लोटत नाही, माणूस आपल्या स्वतंत्र इच्छेनेच आपली गती निवडतो, हे स्वीडनबोर्गचे प्रतिपादन. एकीकडे मोरोपंतांची कृपायाचना, दुसरीकडे हे स्वातंत्र्य. दादोबांनी दोन्हींचा आदराने अभ्यास केला.

१७ ऑक्टोबर १८८२ रोजी दादोबा निवर्तले. त्यांच्या व्याकरणाने आपल्याला भाषेतील कर्ता ओळखण्यास शिकविले. आपल्या सुखदुःखातील कर्ता कोण, हा प्रश्न त्यांनी सुरतेत मांडला. तो सोडविण्यासाठी त्यांनी परधर्मीयांचे ग्रंथही परके मानले नाहीत. ग्रंथालयाच्या शतसांवत्सरिक प्रसंगी त्यांच्या या वृत्तीचे स्मरण करणे उचितच होय.