इब्नुल हैसम : प्रकाशाचा अभ्यासक

अबू अली अल्-हसन इब्नुल हैसम यांचा जन्म हिजरी ३५४ च्या, म्हणजे इ. स. ९६५ च्या सुमारास इराकातील बसरा शहरी झाला. युरोपात ते अल्हाझेन या नावाने ओळखले जातात. नाईल नदीचे पाणी आवरता येईल, असे ते म्हणतात ही गोष्ट कैरोचा फातिमी खलीफा अल्-हाकिम याच्या कानी गेली आणि त्याने त्यांना मिसरला बोलावून घेतले. चरित्रकार सांगतात की, अस्वानपर्यंत जाताना प्राचीन मिसरी लोकांची भव्य बांधकामे पाहूनच ते मनातून खचले. हे काम होण्यासारखे असते तर इतक्या कुशल लोकांनी ते कधीच केले असते! परत येऊन त्यांनी अपयश कबूल केले. खलीफा लहरी होता. जिवाच्या धास्तीने त्यांनी वेडाचे सोंग घेतले आणि १०२१ मध्ये अल्-हाकिमचा काळ संपेपर्यंत ते घरातच अडकून पडले.

पुढे अल्-अझहर मशिदीजवळ राहून त्यांनी युक्लिड व टॉलेमी यांच्या ग्रंथांच्या नकला करून पोट भरले. हा हुद्दा लहान खरा, पण त्यात कोणाची हांजी हांजी नव्हती.

‘किताबुल मनाझिर’ हा त्यांचा सात भागांचा ग्रंथ. डोळ्यांतून किरण बाहेर पडतात म्हणून दिसते, हे मत त्यांनी खोडून काढले. सातव्या भागात ताऱ्यांच्या उजेडाचा विचार आहे. डोक्यावरून जाणारा एखादा तारा घ्यावा, तो उगवताना वलययंत्राने त्याचे ध्रुवापासूनचे अंतर मोजावे आणि तो माथ्यावर आला की पुन्हा मोजावे. अंतर एकच यायला हवे. पण उगवताना ते कमी भरते. तारा तर जागचा हलत नाही. म्हणजे वाटेत त्याचा किरणच वाकला. हे वक्रीभवन टॉलेमीलाही माहीत होते, परंतु ते असे पारखून दाखवण्यात इब्नुल हैसम यांचे वैशिष्ट्य आहे. आकाश व हवा यांच्या सीमेवर किरण एकदम वाकतो, असे त्यांना वाटे. वस्तुतः हवा वर वर विरळ होत जाते आणि किरण हळूहळू वळतो. क्षितिजावर हा फरक सुमारे अर्ध्या अंशाचा असतो. सूर्यबिंबही तेवढेच. म्हणून मगरिबच्या आधी बिंबाची खालची कड क्षितिजाला टेकलेली दिसते, तेव्हा खरा सूर्य जवळजवळ पूर्ण बुडालेला असतो.

येथे एक दुरुस्ती केली पाहिजे. संधिप्रकाशावरून वातावरणाची उंची प्रथम इब्नुल हैसम यांनी काढली, असे आपल्याकडे लिहितात. मीही वर्गात तसेच सांगत असे. सूर्य क्षितिजाखाली १९ अंश असेपर्यंत उजेड उरतो, तेव्हा तो परतवणारी हवा सुमारे ५२ मैल उंच असली पाहिजे, असा तो हिशेब. (आज आपण १८ अंश धरतो. वातावरणाला काटेकोर सीमा नाही. निम्मी हवा साडेपाच किलोमीटरच्या आतच आहे.) पण तो हिशेब अंदलुसमधील जैयान शहराचे काझी इब्न मुआझ यांचा. १५७२ मध्ये बाझेलला रिस्नरने दोन्ही ग्रंथ एकत्र छापले व दोहोंवर अल्हाझेनचेच नाव घातले. अब्दुलहमीद साबरा यांनी १९६७ मध्ये ही चूक दाखवून दिली. इब्नुल हैसम यांचे मोठेपण त्याने तिळभरही कमी होत नाही. आणि काझीसाहेबांचे श्रेय मात्र चारशे वर्षांनी त्यांच्या नावावर जमा झाले.

इब्नुल हैसम १०४० च्या सुमारास कैरोतच वारले.