नाईक यशवंतराव घाडगे

वसईचा किल्ला चिमाजी आप्पांनी १७३९ साली सर केला. त्या तटाशी कामी आलेल्या मराठी सैनिकांपैकी फारच थोड्यांची नावे आज आपणांस ठाऊक आहेत. साध्या शिपायाचे नाव मागे राहणे ही दुर्मीळ गोष्ट होय. त्याच कोकणातील एका खेड्यातील तरुणाचे नाव मात्र राहिले, आणि तेही सातासमुद्रांपलीकडे.

यशवंतराव घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी माणगाव तालुक्यातील पळसगाव येथे झाला. हा तालुका तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होता. त्यालाच आज रायगड जिल्हा म्हणतात. पुढे ते पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत नाईक झाले. दुसऱ्या महायुद्धात ही पलटण इटलीत लढत होती. जून १९४४ मध्ये रोम शहर दोस्त सैन्याच्या हाती आले, आणि जर्मन फौजा टायबर नदीच्या खोऱ्यातून, वाटेतील डोंगर लढवीत, उत्तरेकडे हटू लागल्या.

१० जुलै १९४४ रोजी यशवंतरावांच्या कंपनीने अशाच एका बळकट ठाण्यावर हल्ला चढविला. अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला. यशवंतरावांच्या हाताखालील सर्व जवान ठार तरी झाले किंवा जखमी तरी झाले. उभे राहिले ते एकटे यशवंतराव. मागून कोणीही येणार नाही, हे त्यांस कळत होते. तरीही ते तसेच पुढे धावले. त्यांनी फेकलेल्या हातबाँबने मशीनगन व ती चालविणारा दोन्ही निकामी झाले. दुसऱ्या शत्रूस त्यांनी आपल्या टॉमी-गनने टिपले. गोळ्या संपल्या, नव्या भरण्यास सवड नव्हती. तेव्हा तीच बंदूक नळीकडून धरून त्यांनी उरलेल्या दोघांस लोळविले. इतक्यात दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत व पाठीत शिरल्या. जिंकलेल्या त्या मोर्चातच त्यांनी प्राण सोडला. वय अवघे बावीस!

त्या समयी आपला देश परतंत्र होता. यशवंतराव इटलीत लढत असता पंडित नेहरू अहमदनगरच्या किल्ल्यात इंग्रजांच्याच कैदेत होते. म्हणून कोणी यशवंतरावांस परक्यांचा शिपाई म्हणेल. परंतु ती इटालियन खेडी हिटलरच्या फौजांपासून मुक्त झाली, तीत त्यांच्या रक्ताचा वाटा होता, हे कसे नाकारावे?

व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिश साम्राज्याचे सर्वोच्च शौर्यपदक त्यांस मरणोत्तर मिळाले. ते त्यांच्या पत्नीने स्वीकारले. इटलीत कासिनो येथे, ज्यांची समाधी ज्ञात नाही अशा सैनिकांच्या स्मारकावर, त्यांचे नाव कोरलेले आहे. माणगावात तहसील कचेरीच्या आवारात त्यांचा पुतळा उभा आहे. आणि ज्या खोऱ्यात ते पडले, तेथील मोंतोने गावाने २०२३ साली त्यांच्या स्मरणार्थ, सावलीवरून वेळ दाखविणारे एक सूर्यघड्याळ उभारले.