संगणकाला भाषा आणि कामगाराला आवाज देणारा प्राध्यापक

पुण्या-मुंबईतील संगणक अभियंते रोज ज्या भाषांमध्ये प्रोग्रॅम लिहितात, त्या जावा किंवा सी प्लस प्लस या भाषांचे मूळ नॉर्वेच्या राजधानीत आहे, हे त्यांच्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असते. त्या मुळाशी जी दोन नावे आहेत, त्यांतील एक क्रिस्टन न्यूगार्ड यांचे. मात्र न्यूगार्ड यांची थोरवी एका संगणकीय भाषेपुरती मर्यादित नाही. आपण तयार केलेल्या साधनाचा परिणाम कोणावर होणार, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. त्याचे उत्तर शोधण्यासाठी ते कारखान्यांत गेले आणि पुढे हाच प्रश्न त्यांनी उत्तर युरोपातील विद्यापीठांच्या अभ्यासात आणून ठेवला.

न्यूगार्ड यांचा जन्म २७ ऑगस्ट १९२६ रोजी ऑस्लो येथे झाला. गणिताची उपजत आवड असलेला हा तरुण १९४८ मध्ये नॉर्वेच्या संरक्षण संशोधन संस्थेत रुजू झाला. देशातील पहिल्या अणुभट्टीची आकडेमोड तेव्हा सुरू होती. संगणक हाताशी नसल्याने यदृच्छेवर आधारलेल्या ‘माँटे कार्लो’ पद्धतीची लांबलचक गणिते हातानेच करावी लागत. याच विषयावर प्रबंध लिहून न्यूगार्ड यांनी १९५६ मध्ये ऑस्लो विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी मिळवली. पुढे संरक्षण दलातील कार्यसंशोधनाची धुरा त्यांच्याकडे आली. गुंतागुंतीच्या कामात माणसे, यंत्रे आणि वेळ यांची सांगड कशी बसते, हा त्यांच्या चिंतनाचा विषय बनला.

१९६० मध्ये ते नॉर्वेजियन संगणक केंद्रात आले. बंदरात येणारी जहाजे, टपाल कार्यालयातील रांगा, कारखान्यातून फिरणारा माल अशा व्यवहारांची प्रतिकृती संगणकावर उभी करायची, तर त्यासाठी योग्य भाषाच उपलब्ध नव्हती. ती तयार करण्याचे काम न्यूगार्ड यांनी हाती घेतले. संरक्षण संस्थेतील जुने सहकारी ओले-योहान डाल त्यांना येऊन मिळाले. डाल अबोल आणि काटेकोर, तर न्यूगार्ड बोलके, उंचेपुरे आणि वादविवादात रमणारे. दोघे फळ्यासमोर तावातावाने भांडत आहेत असे पाहणाऱ्याला वाटे. प्रत्यक्षात ते दोघे काम करीत असत. १९६५ च्या सुरुवातीला ‘सिम्युला’ ही भाषा युनिव्हॅक कंपनीच्या संगणकावर चालू लागली.

खरी झेप त्यानंतरची आहे. पुलावरच्या टोलनाक्यावर थांबलेल्या वाहनांच्या रांगेचा विचार करताना एक अडचण पुढे आली. ट्रक आणि बस ही वाहने वेगवेगळी असली, तरी बऱ्याच बाबतींत सारखीच. मग सारखेपणा एकदाच लिहून ठेवावा आणि फरक तेवढा वेगळा सांगावा, ही कल्पना सुचली. १९६७ च्या मे महिन्यात ऑस्लो येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ‘सिम्युला ६७’ मांडण्यात आली. आज प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवले जाणारे ‘क्लास’, ‘ऑब्जेक्ट’ आणि ‘इनहेरिटन्स’ हे शब्द ज्या विचारातून आले, तो हाच. अमेरिकेत ॲलन के यांनी ‘स्मॉलटॉक’ रचताना सिम्युलापासून प्रेरणा घेतली. डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठात शिकलेले ब्यार्न स्ट्राउस्ट्रुप यांनी सिम्युलातील क्लासची कल्पना पुढे नेऊन १९७९ पासून जे काम सुरू केले, त्यातून सी प्लस प्लस जन्मली.

येथवरची कथा यशस्वी संशोधकाची आहे. एवढ्यावर थांबले असते, तरी इतिहासात न्यूगार्ड यांची जागा पक्की होती. पण यशाच्या त्याच काळात एक बोच त्यांना लागून राहिली. सिम्युलाच्या साह्याने कारखान्यांचे कामकाज आखले जाऊ लागले होते. कोणी किती वेळात काय करावे, कोणते काम यंत्राकडे जावे, हे ठरवण्याचे सामर्थ्य या साधनात होते. परंतु ते साधन व्यवस्थापनाच्या हाती होते. ज्यांचे आयुष्य त्यामुळे बदलणार होते, त्या कामगारांना त्यातले काहीही ठाऊक नव्हते. भाषा निर्माण करणाऱ्याने या असमतोलाकडे पाठ फिरवावी काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना.

१९७० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी नॉर्वेच्या लोखंड व धातू कामगार संघटनेबरोबर संशोधन प्रकल्प सुरू केला. एका नामांकित संशोधकाने कामगार संघटनेसाठी काम करावे, ही गोष्ट तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावणारी होती. सुरुवातीचा आराखडा मात्र चाकोरीतलाच होता. तज्ज्ञांनी अभ्यास करायचा, अहवाल लिहायचा आणि संघटनेने तो वाचायचा. काही महिन्यांतच न्यूगार्ड यांच्या लक्षात आले, की अशा अहवालांनी कपाटे भरतील, कामगाराच्या हाती काही पडणार नाही. त्यांनी आराखडा मोडीत काढला. संशोधकांनी लिहिलेल्या कागदाला यापुढे निष्पत्ती मानायचे नाही. प्रकल्पाच्या आधाराने संघटना स्वतः जी कृती करील, तीच प्रकल्पाची निष्पत्ती, असे ठरले. कारखान्यांतील कामगारांचे अभ्यासगट बनले. संगणक म्हणजे काय, तो आल्यावर आपल्या कामाचे काय होईल आणि आपल्याला काय हवे आहे, याची चर्चा त्यांनी स्वतः केली. त्यांच्यासाठी सोप्या भाषेत पाठ्यपुस्तक तयार झाले.

याचे फळ लवकरच दिसले. १९७४ पासून कारखान्यांच्या पातळीवर संगणकविषयक करार होऊ लागले आणि १९७५ मध्ये देशातील मध्यवर्ती कामगार संघटना व मालक संघटना यांच्यात सर्वसाधारण करार झाला. नवी संगणक यंत्रणा येण्यापूर्वी तिची माहिती मिळण्याचा आणि आपल्यातून खास संगणक प्रतिनिधी निवडण्याचा अधिकार कामगारांना मिळाला. १९७७ च्या कामकाज पर्यावरण कायद्यातही या विचाराचे प्रतिबिंब उमटले.

न्यूगार्ड यांच्या कार्याचा पुढचा टप्पा विद्यापीठांचा. १९७५-७६ मध्ये ते आरहूस येथे प्राध्यापक होते, नंतर ऑस्लो विद्यापीठात आले आणि १९९६ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. आरहूसच्या तरुण संशोधकांबरोबर त्यांनी १९७६ पासून ‘बीटा’ ही नवी भाषा रचली. त्याच वेळी, यंत्रणा ज्या माणसांसाठी उभारायची, त्यांचे ऐकून घेणे हा संगणकशास्त्राचाच भाग आहे, हे ते विद्यार्थ्यांना शिकवीत होते. नीतीचा तास वेगळा आणि प्रोग्रॅमिंगचा तास वेगळा, ही विभागणी त्यांना मान्य नव्हती. नॉर्वेच्या प्रयोगाच्या पावलावर पाऊल ठेवून स्वीडनमध्ये ‘डेमोस’ आणि डेन्मार्कमध्ये ‘ड्यू’ हे प्रकल्प उभे राहिले. १९८० च्या दशकात ‘सिडपोल’ या उपक्रमातून नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क आणि फिनलंड येथील संशोधक व विद्यार्थी एकत्र आले. त्याचे सूत्रसंचालन न्यूगार्ड यांच्याकडे होते. १९७५ पासून दर दहा वर्षांनी आरहूस येथे भरणाऱ्या परिषदेत आजही या विचाराचा मागोवा घेतला जातो.

या परंपरेतील एक प्रकल्प वृत्तपत्रीय माणसाला विशेष जवळचा वाटावा असा आहे. १९८१ मध्ये डॅनिश व स्वीडिश संशोधक आणि नॉर्डिक मुद्रण कामगार यांनी मिळून ‘यूटोपिया’ हाती घेतला. खिळे जुळवण्याची कला लयाला जाऊन वृत्तपत्राचे पान संगणकाच्या पडद्यावर लागणार होते. त्या यंत्रणेची आखणी पाने लावणाऱ्या कामगारांनीच करावी, असे ठरले. महागडी यंत्रे नव्हती, म्हणून पुठ्ठ्याची खोकी आणि लाकडी फळ्या मांडून संगणक असल्याचे मानले गेले आणि कामगारांनी त्यासमोर बसून आपले काम कसे चालेल ते करून दाखवले. प्रकल्पाचे नेतृत्व न्यूगार्ड यांचे नव्हते, पण वाट त्यांनीच घालून दिलेली होती. महाराष्ट्रातील छापखान्यांतही जुळाऱ्यांची पिढी याच स्थित्यंतरातून गेली. त्यांना असे विचारणारे कोणी भेटले असते तर, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

या मार्गाला मर्यादाही होत्या. कामगार संघटना बलवान असलेल्या देशांत जे साधले, ते इतरत्र तसेच्या तसे उतरले नाही. पुढे अनेक ठिकाणी वापरणाऱ्याचा सहभाग म्हणजे तयार वस्तूवर त्याचा अभिप्राय घेणे, एवढाच अर्थ उरला. निर्णयाचा अधिकार कोणाकडे, हा न्यूगार्ड यांचा मूळ प्रश्न बाजूला पडला.

सार्वजनिक जीवनातही ते स्वस्थ बसले नाहीत. उदारमतवादी पक्षात काम केल्यानंतर १९७१ मध्ये ते मजूर पक्षात गेले. निसर्गरक्षणाच्या चळवळीत आणि समाजाने टाकून दिलेल्या मद्यासक्तांसाठी चालवलेल्या संस्थेतही त्यांनी काम केले. १९९० पासून युरोपीय ऐक्यात सामील होण्यास विरोध करणाऱ्या चळवळीचे ते अध्यक्ष होते. २८ नोव्हेंबर १९९४ च्या सार्वमतात नॉर्वेच्या ५२.२ टक्के मतदारांनी नकार दिला. शेजारच्या विद्यापीठांशी आयुष्यभर सहकार्याचे पूल बांधणाऱ्या माणसाने ही भूमिका घ्यावी, याचे काहींना आश्चर्य वाटले. पण निर्णय सामान्य माणसापासून दूर जाऊ नयेत, हा आग्रह त्यांच्या दोन्ही कामांत समान होता.

मानसन्मान उशिरा आले. सामाजिक जबाबदारीसाठी दिला जाणारा नॉर्बर्ट वीनर पुरस्कार त्यांना १९९० मध्ये मिळाला. डाल यांच्यासह २००१ चा ट्युरिंग पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा सिम्युलाला तीन दशके उलटून गेली होती. निवृत्तीनंतरही नवशिक्यांना प्रोग्रॅमिंग कसे शिकवावे, या प्रकल्पात न्यूगार्ड गुंतलेले होते. २९ जून २००२ रोजी डाल गेले आणि सहा आठवड्यांनी, १० ऑगस्ट रोजी, हृदयविकाराच्या झटक्याने न्यूगार्ड यांचेही निधन झाले. ऑस्लो विद्यापीठात संगणकशास्त्राच्या दोन इमारती आज या दोघांच्या नावाने उभ्या आहेत.

आज कामाच्या वेळा, कर्जाचे अर्ज आणि नोकरीतील निवड यांचे निर्णय संगणकावर सोपवले जात आहेत. ज्यांच्याबद्दल हे निर्णय होतात त्यांना कोणी विचारले का, हा न्यूगार्ड यांचा प्रश्न पन्नास वर्षांनंतरही उत्तराची वाट पाहत आहे.