ज्ञानकोशकार केतकर : एक व्यक्ती, एक मंडळ

नवनिर्मिती ही एकाकी प्रतिभेचीच देणगी असते, असा समज साहित्याच्या अभ्यासकांमध्ये रूढ आहे. कोशवाङ्मयाचा इतिहास मात्र या समजाला छेद देतो. त्या दृष्टीने डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचे चरित्र पाहणे उद्बोधक ठरेल.

केतकरांचा जन्म 2 फेब्रुवारी 1884 रोजी रायपूर येथे झाला. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात शिकल्यानंतर ते अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात गेले आणि 1911 मध्ये त्यांनी पीएच.डी. पदवी मिळवली. भारतातील जातिसंस्थेवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1909 मध्येच प्रसिद्ध झाला होता. स्वतंत्र संशोधक म्हणून नाव मिळवणे त्यांना अशक्य नव्हते. तरीही मायदेशी परतल्यावर त्यांनी एकट्याच्या आवाक्याबाहेरचे काम हाती घेतले : मराठीतील सर्वविषयसंग्राहक ज्ञानकोश.

या कामासाठी नागपुरात ज्ञानकोश मंडळाची मर्यादित कंपनी म्हणून स्थापना झाली; पुढे कार्यालय पुण्यास आले. भागधारक आणि वर्गणीदार मिळवण्यासाठी केतकरांना गावोगाव हिंडावे लागले. वेदविद्येपासून विज्ञानापर्यंतचे विषय हाताळायचे, तर भिन्न विषयांच्या जाणकारांना एका चौकटीत लिहिते करणे आवश्यक होते. नोंदींचा क्रम, त्यांचा विस्तार आणि शास्त्रीय संज्ञांसाठी मराठी प्रतिशब्द यांत एकवाक्यता नसेल, तर कोश विस्कळीत होतो. मराठीची ज्ञानभाषा म्हणून घडण अशा सामूहिक कामातून होत असते, हे येथे लक्षात घ्यावे.

1929 पर्यंत महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे 23 खंड पूर्ण झाले. त्यांपैकी पहिले पाच प्रस्तावनाखंड असून त्यांवर केतकरांच्या स्वतंत्र विचारांचा ठसा आहे. म्हणजे समूहात व्यक्तित्व विरून गेले नाही. दुसरीकडे, या कामात तयार झालेले यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे पुढे महाराष्ट्र शब्दकोशाचे संपादक झाले. कोशाइतकेच कोशकारही घडवणे, हे मंडळाचे दुहेरी फलित होय.

या यशाची किंमत मोठी होती. ज्ञानकोशाने कीर्ती दिली, आर्थिक स्वास्थ्य दिले नाही. केतकरांनी कादंबऱ्या लिहिल्या, 1931 च्या हैदराबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. परंतु 10 एप्रिल 1937 रोजी पुण्यात निधन होईपर्यंत विवंचनेने त्यांची पाठ सोडली नाही. ज्ञानकोशकार ही उपाधी त्यांना एकट्याला मिळाली आणि ती यथार्थही आहे. मात्र तिच्यामागे उभे असलेले मंडळ दृष्टिआड झाले, तर त्यांच्या कार्याचे मर्मच हातून निसटेल.

स्वयंअध्ययन प्रश्न : ज्ञानकोशाच्या निर्मितीत केतकरांचे व्यक्तित्व आणि मंडळाचे सामूहिक कार्य परस्परपूरक कसे ठरले, ते सोदाहरण स्पष्ट करा.