अध्याय 23 आणि एका पैची चूक



आजचं वाचन: श्रीमद्भागवत, अकरावा स्कंध, अध्याय 23, म्हणजे भिक्षुगीता. सोबत एकनाथी भागवतातली त्यावरची टीका.

हा अध्याय मी आधीही वाचलाय. या वेळी मात्र मध्येच पुस्तक मिटून ठेवलं, कारण गेल्या गुरुवारची रात्र डोक्यातून जात नव्हती. रात्री एक वाजता प्रॉडक्शनमध्ये गोंधळ झाला. बिलांच्या रकमा काही पैशांनी चुकत होत्या. टीममधल्या सगळ्यात ज्युनियर मुलाच्या कोडमध्ये राउंडिंगची चूक होती. कॉलवर सहा जण होते, आणि त्या सगळ्यांसमोर मी त्याला नको नको ते बोललो. आधी हा मुलगा दिवसाला दहा प्रश्न विचारायचा. आता स्टँडअपमध्ये दोन वाक्यं बोलतो आणि म्यूट होतो.

आता अध्यायाकडे येऊ. अवंती देशातला एक ब्राह्मण. शेती आणि व्यापारातून त्याने भरपूर पैसा मिळवला, पण इतका कंजूष की घरच्यांनाही कधी सुख दिलं नाही. पुढे नातेवाईक, चोर, राजे यांच्या हातून आणि काळाच्या ओघात सगळं गेलं. तो भिक्षू झाला. लोक त्याची टिंगल करायचे, त्याच्या वस्तू हिसकावून घ्यायचे, अंगावर थुंकायचे. तो मात्र स्वतःला एकच प्रश्न विचारतो: माझ्या दुःखाला कारण कोण? लोक, देवता, ग्रह, कर्म, काळ असं एकेक कारण तपासून तो बाजूला ठेवतो. बग शोधताना आपण एकेक मॉड्यूल वगळत जातो ना, अगदी तसं. शेवटी उरतं ते स्वतःचं मन.

वाचायला हे छान वाटतं. पण असं जगता येतं का? म्हणून आज या अध्यायावर मराठीत टीका लिहिणाऱ्या नाथांच्याच आयुष्याकडे वळतो.

एकनाथ महाराजांचा जन्म पैठणचा, 1533 च्या सुमाराचा. संत भानुदास हे त्यांचे पणजोबा. आईवडील लहानपणीच गेले आणि आजी-आजोबांनी त्यांना वाढवलं. कोवळ्या वयातच ते घर सोडून देवगिरीला जनार्दनस्वामींकडे गेले. स्वामी म्हणजे कुठल्या गुहेत बसलेले बैरागी नव्हेत. ते निजामशाहीत देवगिरीचे किल्लेदार होते. दिवसभर कारभार आणि त्यातूनच साधना. नोकरी सांभाळून वाचन करणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट मोठा आधार देते.

स्वामींनी नाथांना हिशोब लिहायला दिला. एकदा त्यात एका पैचा फरक आला. नाथ दिवा लावून रात्रभर वह्या तपासत बसले. पहाटेच्या सुमाराला चूक सापडली आणि आनंदाने त्यांनी टाळी वाजवली. स्वामी जागे झाले. कारण कळल्यावर त्यांनी एवढंच सुचवलं की एका पैची चूक सापडल्यावर इतका आनंद होतो, तर जन्माचीच चूक सापडली तर किती होईल! आपल्या क्षेत्रातल्या कुणालाही ती टाळी लगेच ओळखू येईल. पहाटे चारला टेस्ट हिरवी झाल्यावर आपणही तशीच वाजवतो. फरक इतकाच की आपण टाळी वाजवून झोपून जातो, आणि नाथ त्या पुढच्या चुकीच्या शोधाला लागले.

तीर्थयात्रा करून नाथ पैठणला परतले. गुरूंच्या आज्ञेने त्यांनी गिरिजाबाईंशी संसार मांडला. भागवताच्या अकराव्या स्कंधाचे 31 अध्याय त्यांनी मराठी ओवीत आणले. हे ज्ञान संस्कृतातून लोकांच्या भाषेत आणल्याचा राग काशीच्या पंडितांना आला, असं परंपरा सांगते. नाथ वाद घालत बसले नाहीत. ते काशीला गेले आणि तिथेच 1573 मध्ये ग्रंथ पुरा केला. पुढे 1584 मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. जवळपास तीनशे वर्षं हाताने नकला होत आलेल्या, त्यामुळे पाठात चुका शिरलेल्या. पैची चूक शोधणारा माणूस इथेही तेच करत होता.

आता ती गोष्ट, जी आपण शाळेत ऐकलेली असते. नाथ गोदावरीत स्नान करून येत असताना एक जण त्यांच्या अंगावर थुंकला. नाथ परत नदीवर गेले, आंघोळ करून आले. तो पुन्हा थुंकला. सांगताना हा आकडा 108 पर्यंत जातो. शेवटी तो माणूसच थकला आणि पाया पडला. नाथांनी उलट त्याचेच आभार मानले, कारण त्याच्यामुळे गोदावरीची इतकी स्नानं घडली होती.

बघा, भिक्षुगीतेत लोक भिक्षूच्या अंगावर थुंकतात, आणि त्या अध्यायाचा टीकाकार पैठणच्या वाटेवर नेमका त्याच प्रसंगातून जातो. लेखी उत्तर देऊन झालं, आता प्रात्यक्षिक!

इथे आपल्या पिढीचा एक प्रश्न ठरलेला असतो. कारण आपलंच मन असेल, तर अन्याय मुकाट्याने सहन करायचा का? मलाही बरीच वर्षं हा प्रश्न पडायचा. नाथांच्या चरित्रातले आणखी दोन प्रसंग शेजारी ठेवले तेव्हा थोडा उलगडा झाला.

भर दुपारी गोदावरीच्या वाळवंटात एक लहान मूल चुकून मागे राहिलं होतं आणि तापलेल्या वाळूत रडत होतं. ते तेव्हाच्या समाजाने अस्पृश्य ठरवलेल्या घरातलं. नाथांनी त्याला उचलून कडेवर घेतलं, शांत केलं आणि घरी पोहोचवलं. दुसरा प्रसंग श्राद्धाचा. ब्राह्मणांसाठी केलेल्या स्वयंपाकाचा वास दाराशी आलेल्या गरीब, अस्पृश्य मानलेल्या कुटुंबाला आला. नाथांनी ते अन्न त्यांनाच वाढलं. पैठणचे ब्रह्मवृंद चिडले. नाथांनी त्यांचा राग सोसला, पण वागणं बदललं नाही.

म्हणजे स्वतःच्या अंगावर थुंकी आली तेव्हा नाथांनी तत्त्वज्ञान वापरलं. दुसऱ्याचं मूल भाजत होतं तेव्हा मात्र त्यांनी तत्त्वज्ञान सांगितलं नाही. दुःख मनात असतं, असं ते त्या पोराला समजावत बसले नाहीत. ते धावले. भिक्षूही हा प्रश्न फक्त स्वतःच्या दुःखाबद्दल विचारतो. हा अध्याय स्वतःला लावायचा आहे. दुसऱ्याला लावला की तो कठोरपणा होतो.

मी गुरुवारी नेमकं उलटं केलं. स्वतःसाठी सगळी करुणा: मी दमलो होतो, रिलीजचं टेन्शन होतं, रात्रीचा एक वाजला होता. आणि त्या मुलासाठी उपदेश: जबाबदारी घ्यायला शिक, मनाला लावून घेऊ नकोस.

काल भिक्षूसारखाच मी कारण शोधत मागे गेलो. त्याचा कोड. त्याआधी रिव्ह्यू. रिव्ह्यूवर अप्रूव्ह कुणाचं? माझं. दुपारी जेवता जेवता, बदल न वाचता दिलेलं. ही माझी पै. सापडल्यावर टाळी मात्र वाजवावीशी वाटली नाही.

नाथांनी 1599 मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीला गोदावरीत देह ठेवला. आजही नाथषष्ठीला पैठणला दिंड्या येतात. जायकवाडी धरणाच्या जलाशयाला नाथसागर म्हणतात. ज्या नदीवर ते पुन्हा पुन्हा आंघोळीला गेले, तिचं अडवलेलं पाणी आज त्यांच्या नावाने ओळखलं जातं.

ज्या सहा जणांसमोर बोललो होतो, त्यांच्याच ग्रुपवर आज सकाळी मी लिहिलं की अप्रूव्ह माझं होतं, आणि त्या रात्री मी जसा बोललो ते चुकीचं होतं. त्या मुलाने फक्त अंगठ्याचा इमोजी टाकला. प्रश्न अजून विचारलेला नाही. विचारेल तेव्हा विचारेल. तोवर वाट बघणं हे माझं काम.

आजच्या दिवसासाठी एवढंच करून बघा: कुणाचा राग आला की भिक्षूचा प्रश्न स्वतःला विचारा. आणि समोरचा दुखावलेला दिसला, तर हा अध्याय बाजूला ठेवा आणि आधी त्याला वाळूतून उचला.

उद्या अध्याय 24, सांख्ययोग.

राम कृष्ण हरी.