विश्लेषण : ‘ग्लुटेनमुक्त’ बीअरमागचा डच डॉक्टर कोण?

युरोप-अमेरिकेत बीअरच्या काही बाटल्यांवर ‘ग्लुटेनमुक्त’ असा शब्द ठळकपणे छापलेला असतो. अनेकांना ती आहाराची नवी टूम वाटते. सिलिअ‍ॅक आजार असलेल्यांसाठी मात्र हा प्रकृतीचा प्रश्न आहे, कारण बार्लीची नेहमीची बीअर त्यांच्या आतड्याला इजा करते. या आजाराचे मूळ धान्यात आहे, हे दाखवून दिले विलेम कारेल डिके (१९०५-१९६२) या डच बालरोगतज्ज्ञाने.

डिके कोण होते?

डिके यांचा जन्म १९०५ मध्ये नेदरलँड्समधील डॉर्ड्रेख्त येथे झाला. लायडन येथे वैद्यकीय शिक्षण घेतल्यावर ते द हेगमधील युलियाना बालरुग्णालयात बालरोगशास्त्राकडे वळले. १९३६ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, त्याच रुग्णालयाची सूत्रे त्यांच्याकडे आली. तेथे दाखल होणाऱ्या मुलांमध्ये पोट फुगलेली, हातपाय काडीसारखे झालेली, सतत जुलाब होणारी आणि वाढ खुंटलेली मुले होती. खाल्लेले अंगी लागत नसल्याने त्यातली काही दगावत.

तोवर उपचार काय होते?

ब्रिटिश डॉक्टर सॅम्युअल गी यांनी १८८८ मध्ये या आजाराचे नेमके वर्णन केले आणि उपाय आहारातच सापडेल, असे म्हटले. पण त्यांनी भात वर्ज्य ठरवला आणि भाजलेल्या पावाला परवानगी दिली. म्हणजे निरुपद्रवी धान्य बंद आणि अपायकारक धान्य सुरू! १९२४ मध्ये अमेरिकेतील सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार सुचवला. त्यात पाव बंद असल्याने मुले सुधारत, पण श्रेय केळ्यांना मिळे. बरे झाल्याचे समजून पुन्हा पाव सुरू केला की आजार परतायचा.

गव्हावर संशय कसा आला?

पाव बंद केल्यावर मुलाला बरे वाटते, हे एका आईने सांगितल्यावरून डिके यांचे लक्ष गव्हाकडे गेले, असे सांगितले जाते. १९३० च्या दशकाच्या मध्यापासून त्यांनी काही मुलांना गव्हाविना आहार देऊन पाहिला. १९४१ मध्ये डच वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी याविषयीचा पहिला लेख लिहिला. तेव्हा देश जर्मनीच्या ताब्यात होता आणि लेख डच भाषेत होता, त्यामुळे बाहेर तो फारसा पोहोचला नाही.

‘भुकेच्या हिवाळ्या’ने काय दाखवले?

१९४४-४५ च्या हिवाळ्यात पश्चिम नेदरलँड्समध्ये अन्नाचा भीषण तुटवडा झाला. पाव मिळेनासा झाला, लोकांनी ट्यूलिपचे कंदही खाल्ले. सगळा देश उपाशी असताना सिलिअ‍ॅकची मुले मात्र सुधारत होती. मदतीचा पाव आल्यावर ती पुन्हा आजारी पडली. डिके यांना कल्पना याच दुष्काळात सुचली, अशी कथा लोकप्रिय आहे. प्रत्यक्षात संशय दशकभर जुना होता. दुष्काळाने त्याला बळ दिले.

पुरावा कसा मिळाला?

योगायोग म्हणजे पुरावा नव्हे, याची डिके यांना जाण होती. युद्धानंतर त्यांनी मोजक्या मुलांवर प्रदीर्घ निरीक्षणे केली. आहारात गहू कधी घातला, कधी काढला आणि दर वेळी वजन-उंचीची नोंद ठेवली. १९५० मध्ये उत्रेख्त विद्यापीठात त्यांनी प्रबंध सादर केला. जीवरसायनशास्त्रज्ञ वान दे कामर यांनी विष्ठेतील चरबी मोजण्याची पद्धत विकसित केली होती. वान दे कामर आणि डॉ. वायर्स यांच्यासह डिके यांनी १९५३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले : अपाय गव्हाच्या स्टार्चमुळे होत नाही, तो ग्लुटेन या प्रथिनामुळे होतो.

याचा बीअरशी काय संबंध?

गव्हाच्या जवळच्या राय आणि बार्ली या धान्यांतही अशीच प्रथिने असतात. बार्लीतील प्रथिनाला हॉर्डिन म्हणतात. बीअरचा माल्ट बहुधा बार्लीचाच असतो. आंबवण्याच्या प्रक्रियेत यीस्ट साखर खाते, प्रथिन नव्हे; म्हणून आंबवल्यावर ग्लुटेन उरत नाही, हा समज चुकीचा आहे. प्रमाण घटते, पण नेहमीच्या बीअरमध्ये ते सिलिअ‍ॅक रुग्णाला अपाय करण्याइतके उरू शकते.

मग पर्याय कोणते?

एक प्रकार मुळातच ग्लुटेन नसलेल्या धान्यांचा : ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका किंवा बकव्हीट म्हणजे कुट्टू. अमेरिकेत ‘रेडब्रिज’ ही ज्वारीची बीअर २००६ मध्ये बाजारात आली. महाराष्ट्रात भाकरीची असलेली ज्वारी तिथे अशी कामी आली. दुसऱ्या प्रकारात बीअर बार्लीचीच असते, पण विकर घालून ग्लुटेनचे तुकडे केले जातात. आंतरराष्ट्रीय मानकानुसार ग्लुटेनमुक्त पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. भारतातही खाद्यपदार्थांसाठी हीच मर्यादा आहे. युरोपात या मर्यादेत बसणारी बार्लीची बीअरही ग्लुटेनमुक्त म्हणवते. अमेरिकेत तसे चालत नाही, कारण प्रथिनाचे तुकडे झाले की चाचणीत त्यांचे प्रमाण खात्रीने मोजता येत नाही. त्यामुळे रुग्णाने लेबलवरील मोठ्या शब्दाबरोबरच घटकांची यादीही वाचावी. बार्लीचा माल्ट दिसला, तर ज्वारी-तांदळाची बीअर निवडणे अधिक सुरक्षित.

डिके यांचे पुढे काय झाले?

१९५७ मध्ये ते उत्रेख्त येथे बालरोगशास्त्राचे प्राध्यापक आणि तेथील विल्हेल्मिना बालरुग्णालयाचे प्रमुख झाले. मात्र आजारपणाने त्यांना फार काळ काम करता आले नाही. १९६२ मध्ये, ५७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर आजाराच्या निदानासाठी रक्तचाचण्या आल्या, जनुकीय कारणेही कळली. उपचार मात्र आजही डिके यांनी सांगितलेलाच आहे : ग्लुटेन आयुष्यभर वर्ज्य, मग ते ताटात असो वा ग्लासात.