सुताराघरचा यंत्रकर्ता : साकिची टोयोडा

गेल्या वैशाखात एका भाचीच्या लग्नाचे वऱ्हाड घेऊन आम्ही सांगलीकडे निघालो होतो. वऱ्हाडासाठी ठरविलेली गाडी पुष्कळ जुनी, टोयोटा कंपनीची क्वालिस नावाची होती. तिचा मालक स्वतःच ती चालवीत होता आणि चार लाख किलोमीटर धावूनही आपल्या गाडीचे इंजिन अद्याप उघडावे लागलेले नाही, असे वाटेत तीनदा तरी त्याने सांगितले. मागच्या बाकांवर दाटीवाटीने बसलेल्या तरुण मंडळींत मग चर्चा सुरू झाली की, अशी गाडी काढणाऱ्या घराण्याचा मूळ पुरुष कोण असावा. कोणी म्हणे सरदार, कोणी म्हणे सावकार. वास्तविक तो मूळ पुरुष एका खेड्यातील सुताराचा मुलगा होता आणि त्याने जन्मात एकही मोटार बनविली नाही. यंदा स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने लेख मागितला, तेव्हा आम्हांस त्या प्रवासाची आठवण झाली. रंधा, पटाशी आणि वाकस यांवर ज्यांची कैक पिढ्यांची उपजीविका झाली, त्या आपल्या ज्ञातिबांधवांच्या घरी हे चरित्र वाचले जावे, अशी आमची इच्छा आहे. आमचे शिक्षण मॅट्रिकपुरते. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा वाचकांनी करू नये.

साकिची टोयोडा यांचा जन्म ता. १४ फेब्रुवारी १८६७ रोजी जपानातील तोतोमी प्रांतात यामागुची या गावी झाला. हे ठिकाण आज शिझुओका प्रांतातील कोसाई शहरात मोडते. वडील इकिची शेती करीत आणि जोडीला सुतारकाम करीत. शेतीवर पोट भरत नसे आणि सुतारकामावर घर चाले, ही स्थिती आपल्याकडील वाचकांस निराळी समजावून सांगावयास नको. साकिची थोरला मुलगा. थोडेसे शिक्षण होताच तो वडिलांच्या हाताखाली करवत धरू लागला. गावच्या घराघरांत स्त्रिया हातमागावर सुती कापड विणीत. दिवसभर शेतात राबून रात्री त्या मागावर बसत आणि तरी हाती येई ते फार थोडे. हे दृश्य त्या मुलाने लहानपणापासून पाहिले होते.

त्याच्या जन्मानंतर एकाच वर्षाने, १८६८ साली, जपानात मैजी राजवट सुरू झाली आणि सारा देश पाश्चात्त्य विद्येच्या मागे लागला. सॅम्युएल स्माइल्स या स्कॉटिश ग्रंथकाराच्या स्वावलंबनावरील पुस्तकाचे जपानी भाषांतर १८७१ साली निघाले होते. सामान्य कुळात जन्मून यंत्रे शोधून काढणाऱ्या माणसांच्या हकीकती त्यात होत्या. ते पुस्तक साकिचीच्या हाती पडले. पुढे १८८५ साली जपान सरकारने पेटंटचा कायदा केला. नवी युक्ती काढणाऱ्यास तिचा काही वर्षे एकट्याने लाभ घेता यावा, असा या कायद्याचा आशय होता. साकिची तेव्हा अठरा वर्षांचा होता. आपण यंत्रे शोधावयाची, आणि तीही विणकामाची, असे त्याने ठरविले.

येथून बापलेकांचा विरोध सुरू झाला. घरच्या धंद्यात हातभार लावण्याऐवजी थोरला मुलगा आडोशाच्या खोपटात लाकडाचे तुकडे जोडतो आणि मोडतो, हे इकिचींना कसे रुचावे? चांगले लाकूड वाया जाई, ते निराळेच. गावानेही त्याला वेड्यात काढले. आम्हांस यात इकिचींचा दोष दिसत नाही. मात्र एक गोष्ट कबूल केल्यावाचून पुढे जाववत नाही. आमच्या अध्यापनाच्या काळात आपल्याच समाजातला एक मुलगा सायकलच्या मोडक्या चाकापासून पाणी उपसण्याचे काहीसे यंत्र करून वर्गात घेऊन आला होता. परीक्षा तोंडावर आली होती. आम्ही ते काढून घेऊन कपाटात ठेवले आणि त्याला गणिताच्या पुस्तकासमोर बसविले. मुलाने ते परत मागितले नाही आणि पुन्हा काही करून आणलेही नाही. साकिचींचे चरित्र वाचताना ते कपाट आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही. असो.

१८९० साली टोकियोच्या उएनो भागात तिसरे राष्ट्रीय औद्योगिक प्रदर्शन भरले. साकिचींनी तेथे जाऊन दिवसामागून दिवस परदेशी यंत्रांपुढे बसून त्यांची चाके आणि दांडे निरखले. त्याच वर्षी त्यांचा पहिला लाकडी हातमाग तयार झाला आणि १८९१ साली त्यास पेटंट मिळाले. ही युक्ती काय होती, ते थोडे विस्ताराने सांगणे जरूर आहे, कारण ती सर्वस्वी सुताराची आहे. जुन्या मागावर विणकर एका हाताने धोटा ताण्याच्या दोऱ्यांमधून फेकी, दुसऱ्या हाताने तो झेली आणि मग फणी ओढून बाण्याचा दोरा ठोकून बसवी. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून गती मंद. साकिचींनी अशी जोडणी केली की, एका हाताने फणीची चौकट मागेपुढे केली म्हणजे धोटा आपोआप इकडून तिकडे जाई. यामुळे काम जवळजवळ दीडपट होऊ लागले आणि कापडही एकसारखे येई. लोखंडाचा खर्च नाही. खेड्यातील सुतारास दुरुस्त करता येईल असा तो माग होता.

युक्ती साधली म्हणून लक्ष्मी आली असे मात्र झाले नाही. टोकियोत त्यांनी या मागांवर लहानसा कारखाना काढला. तो लवकरच बंद पडला. १८९३ साली लग्न झाले आणि १८९४ च्या जून महिन्यात मुलगा झाला. त्याचे नाव किइचिरो. यंत्रावाचून दुसरे काही न सुचणाऱ्या या पतीशी पत्नीचा संसार जमला नाही आणि तान्हे मूल मागे ठेवून ती निघून गेली. थोर पुरुषांच्या चरित्रांत अशा प्रसंगावर पांघरूण घालण्याची रीत आहे. पण आमच्या मते त्या माउलीवर दोष लादणे न्यायाचे नाही. पोर आजीआजोबांनी वाढविले. ज्या इकिचींनी मुलाच्या खटाटोपास विरोध केला, त्यांच्याच ओटीत नातू आला. पुढे १८९७ साली साकिचींनी दुसरा विवाह केला.

१८९४ साली काढलेल्या सूत गुंडाळण्याच्या यंत्राला गिऱ्हाइके मिळाली आणि हाती चार पैसे आले. त्यावर त्यांनी वाफेच्या शक्तीने चालणारा माग हाती घेतला. १८९६ साली तो पुरा झाला. लाकूड आणि लोखंड मिळून बनविलेला हा माग जपानी बनावटीचा पहिला यंत्रमाग होय. परदेशी मागांच्या मानाने तो पुष्कळच स्वस्त होता. त्यात आणखी एक गुण होता : बाण्याचा दोरा तुटला किंवा संपला की माग आपोआप थांबे. दोरा तुटूनही यंत्र चालत राहिले तर वाईट कापड निघत राहते, म्हणून दोष दिसताच यंत्राने स्वतः थांबावे, ही कल्पना येथे प्रथम प्रकट झाली. टोयोटाच्या मोटारींच्या कारखान्यांत आजही हेच तत्त्व पाळले जाते. या सुमारास जपानी गिरण्यांस हिंदुस्थानचा कापूस पुष्कळ लागत असे. टाटांच्या सहकार्याने १८९३ साली मुंबई आणि जपान यांच्यामध्ये जपानी आगबोटींची थेट वाहतूक सुरू झाली होती, हे येथे नमूद करण्यासारखे आहे.

त्यांच्या मागावरील एकसारखे कापड पाहून मित्सुई या बलाढ्य पेढीने त्यांच्याशी भागीदारी केली. येथून साकिचींच्या आयुष्यातील कडू भाग सुरू होतो. भांडवलदारास माल लवकर विकावयाचा असे आणि साकिचींना तो पुरता कसाला लावल्याखेरीज बाहेर काढावयाचा नसे. १८९९ साली काढलेली पहिली कंपनी त्यांनी सोडली. १९०३ साली चालत्या मागात धोटा आपोआप बदलण्याची युक्ती त्यांनी काढली. पण एका मोठ्या गिरणीत परदेशी मागांशी तुलना झाली, तेव्हा त्यांचे माग हरले. पूर्ण चाचणी होण्याच्या आतच ते विकले गेले होते. १९०७ साली मोठ्या भांडवलाची दुसरी कंपनी निघाली. तिला टोयोडांचेच नाव दिले होते. कारभार बिघडताच त्याच कंपनीने १९१० साली त्यांना राजीनामा द्यावयास लावले. आपल्याच नावाच्या दारातून माणसाने बाहेर पडावे, यापरता अपमान तो कोणता?

खिन्न मनाने ते अमेरिकेस गेले. तेथील नामांकित स्वयंचलित माग त्यांनी पाहिले आणि आपली युक्ती यांहून कमी नाही, अशी त्यांची खात्री झाली. न्यूयॉर्क येथे अॅड्रिनॅलिनचे संशोधक जोकिची ताकामिने यांची भेट झाली आणि त्यांनी या खचलेल्या देशबांधवास धीर दिला. अमेरिकेच्या रस्त्यांवर तेव्हा मोटारी धावू लागल्या होत्या. त्याही साकिचींनी पाहून ठेवल्या. पुढे युरोप पाहून १९११ च्या आरंभी ते परतले.

नागोयाजवळ साको या गावी त्यांनी स्वतःचा विणकारखाना काढला. पुनः दुसऱ्याच्या पैशावर शोध करावयाचा नाही, हा यातील हेतू. सूत बरे मिळेना म्हणून १९१४ साली सूतगिरणीही काढली. महायुद्धाने कापडाला तेजी आली आणि धंदा वाढला. १९१८ साली रीतसर कंपनी झाली आणि नंतर चीनमध्ये शांघाय येथे गिरणी उभी राहिली. शांघायच्या जपानी गिरण्यांविषयी चिनी लोकांत मोठा असंतोष होता आणि १९२५ साली तेथे मोठे संप झाले. परक्या देशाने आपल्या भूमीवर गिरण्या काढल्या म्हणजे काय वाटते, हे हिंदी माणसास समजण्याजोगे आहे.

इकडे किइचिरो टोकियोच्या विद्यापीठातून १९२० साली यंत्रशास्त्राची पदवी घेऊन वडिलांच्या कारखान्यात आला. बाप पटाशीवर शिकलेला, लेक पुस्तकांवर. दोघांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या श्रमांतून १९२४ साली ‘जी’ नमुन्याचा स्वयंचलित माग पूर्ण झाला. धोट्यातील कांडी संपत आली की, माग पूर्ण वेगात चालू असताना नवा धोटा जुन्याची जागा घेई. ताण्याचा एक दोरा तुटला तरी माग थांबे. एक मुलगी तीसहून अधिक माग सांभाळू लागली. हे माग बनविण्यासाठी १९२६ साली कारिया येथे कंपनी निघाली. १९२९ च्या डिसेंबरात इंग्लंडातील ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने या मागाचे हक्क एक लाख पौंडांना घेण्याचा करार केला. कापडाची यंत्रे साऱ्या जगाला पुरविणाऱ्या इंग्रजांनी जपानी सुताराच्या मुलाची युक्ती विकत घ्यावी, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती.

याच पैशावर मोटारीचा कारखाना निघाला, असे सर्वत्र सांगतात. गोष्ट गोड आहे, पण इतकी सरळ नाही. ती रक्कम हप्त्याहप्त्याने यावयाची होती आणि पुढे करारात ती कमीही करण्यात आली. मुलाने मोटारीच्या उद्योगात पडावे, अशी वडिलांची इच्छा होती, एवढे मात्र खरे. ता. ३० ऑक्टोबर १९३० रोजी, वयाच्या ६३ व्या वर्षी, साकिचींनी देह ठेवला.

किइचिरोंनी १९३३ साली माग कंपनीतच मोटारीचे खाते उघडले. १९३५ साली पहिली नमुन्याची मोटार आणि पाठोपाठ मालमोटार बाहेर पडली. या पहिल्या मालमोटारींच्या मालकांचा अनुभव आमच्या क्वालिसवाल्याच्या अनुभवाच्या अगदी उलट होता! मागचे आस मोडत, गाड्या रस्त्यात उभ्या राहत आणि कंपनीची माणसे ठिकठिकाणी धावून जाऊन त्या दुरुस्त करीत. काय मोडले, ते लिहून घेऊन पुढच्या गाडीत सुधारणा होई. दोरा तुटताच माग थांबवावा, त्यातलाच हा प्रकार. १९३६ साली टोयोडा हे नाव बदलून गाड्यांना टोयोटा हे नाव देण्यात आले; जपानी लिपीत ते आठ फटकाऱ्यांत लिहिता येते आणि आठ हा आकडा तेथे शुभ मानतात. १९३७ साली स्वतंत्र मोटार कंपनी स्थापन झाली. महायुद्धानंतर कंपनी बुडण्याच्या बेतास आली, कामगारांची कपात व संप झाले, आणि १९५० साली किइचिरोंनी अध्यक्षपद सोडले. त्यांच्या गाड्यांनी जग जिंकलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १९५२ च्या मार्चमध्ये ते वारले. कंपनी जेथे वसली, त्या कोरोमो शहराचे नाव १९५९ साली टोयोटा असे झाले.

महाराष्ट्राशी या घराण्याचा संबंध आला तो पुष्कळ उशिरा. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ चा, म्हणजे साकिचींहून ते दोनच वर्षांनी धाकटे. औंध संस्थानात १९१० साली त्यांनी किर्लोस्करवाडी वसविली, त्याच वर्षी साकिची राजीनामा देऊन अमेरिकेस निघाले होते. लक्ष्मणरावांचा लोखंडी नांगर प्रथम शेतकरी घेईनात, हे आपल्या वडीलधाऱ्यांकडून पुष्कळांनी ऐकले असेल. या दोघांची भेट कधी झाली नाही. परंतु त्यांच्या घराण्यांनी १९९७ साली एकत्र येऊन बंगळूरजवळ बिडदी येथे मोटारीचा कारखाना काढला. क्वालिस ही त्याचीच पहिली गाडी. ती २००० साली निघाली आणि २००५ साली तिची जागा इनोव्हाने घेतली. खेड्यापाड्यांत वऱ्हाडे आणि यात्रेकरू यांची वाहतूक करणाऱ्यांनी तिला इतके आपलेसे केले की, ती बंद झाल्याचे पुष्कळांना वाईट वाटले.

साकोच्या जुन्या कारखान्याच्या जागी १९९४ साली संग्रहालय उघडण्यात आले. तेथे माग आणि मोटारी एकाच छपराखाली ठेवल्या आहेत. यामागुची येथेही साकिचींचे स्मारक आहे.

सांगलीहून परतताना ही सारी हकीकत आम्ही त्या गाडीवाल्यास सांगितली. तो लोहाराचा मुलगा निघाला. कवठ्याच्या पुढे त्याने गाडी झाडाखाली उभी करून सर्व वऱ्हाडाला स्वतःच्या खर्चाने चहा पाजला; भाडे मात्र ठरल्याप्रमाणे पुरते मोजून घेतले.